एका दावणीतला पंक्तिभेद

बुधवार, संध्याकाळ. निरवांगीहून परत, बारामती

चिडचिड जात नाही. गाईंच्या ढेकरांतला मिथेन कमी व्हावा म्हणून आम्ही खाण्यातून एक पूड देतोय. तिथल्या शांताकाकूंनी आपल्या दोन गाईंपैकी ती फक्त तांबडीला द्यायची, कपिलाला नाही. तरच फरक मोजता येणार. आज दोघी चरून आल्यावर यंत्र लावलं, तर दोघींचाही मिथेन कमी! पुडीनं, की ओल्या चाऱ्यानं?

काकूंना विचारलं. म्हणाल्या, “दोघींनाबी दिली. एका दावणीला पंक्तिभेद करायचा व्हय? कपिला बघत ऱ्हाती.”

आता हा गोठा मोजणीतून वगळायचा. पण काकूंना ते सांगू कसं?

निघताना त्यांनी आमच्या गाडीच्या ड्रायव्हरला हाक मारून आत बसवलं, मगच त्याचा नि माझा चहा ओतला. रोज तो बाहेर थांबतो. मी कधी बोलावलं नव्हतं.