डाव्या बाजूची तडतड

सोमवार, ३
नोकरी लागली! पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा नवशिका. कॉफी भाजायचं पाच किलोचं मशीन आहे. काळं, बुटकं, पोट सुटलेलं, अगदी माझ्यासारखं. पोटातल्या ड्रममध्ये हिरवट दाणे ओतले की आधी ओल्या गवताचा वास येतो, मग पावाचा. नवव्या-दहाव्या मिनिटाला दाणे तडतडतात. मालकीणबाई म्हणाल्या, सगळी मेख त्या तडतडीत. ती ऐकली की दीड मिनिटात घाणा बाहेर. घड्याळावर नाही, कानावर विसंबायचं. आधीच्या माणसाला ऐकू येईनासं झालं म्हणून त्याला निरोप दिला. तुमचे कान कसे आहेत, विचारलं. मी म्हटलं, ठणठणीत.

मशीनशेजारच्या टेबलावर नोंदवही असते. तिची मागची पानं कोरी आहेत, तिथंच हे लिहितोय.

मंगळवार, ४
खोटं बोललो. डावा कान लहानपणी गोवरात गेला. आणि उभं राहायची जागा नेमकी अशी, की डावा कान ड्रमकडे आणि उजव्यात पंख्याची घरघर. दोन घाण्यांचा कोळसा केला. नवीन आहात, होतं असं, म्हणाल्या बाई. मान वर करवेना.

गुरुवार, ६
आज ऐकू आली! स्वच्छ, एकेक दाणा. उडीच मारणार होतो. मग सहज उजव्या कानात बोट घालून बघितलं. तरी ऐकू येत होती. चाळीस वर्षांत ज्या कानात काडीचा आवाज शिरला नाही, त्या कानानं. बाई म्हणाल्या, सोन्यासारखा कान आहे तुमचा. मी निर्लज्जासारखा हसलो.

सोमवार, १०
तडतडीच्या मागून हाक आली. बाळ्या. मला बाळ्या म्हणणारी एकच होती, आई. ती गेल्याला वर्ष झालं. बाईंना विचारलं, काही ऐकलंत का? नाही म्हणाल्या.

बुधवार, १२
रोज एक हाक वाढतेय. आज तीन.

लिहूनच टाकतो. आई अंथरुणाला खिळली होती. दिवसभर हाका, पाणी दे, उशी सरकव, खिडकी लाव. त्या दुपारी मी पहिली हाक ऐकली. दुसरीही ऐकली. आणि कूस बदलून चांगला कान उशीत दाबला. मुद्दाम. जाग आली तेव्हा ती स्वयंपाकघरात पडली होती, गार. शेजारी भांडं.

थोरल्या बहिणीला, अक्काला, सांगितलं की दळण आणायला गेलो होतो. ती बिचारी अजून माझीच समजूत काढते. तू घरात नव्हतास, तुझा काय रे दोष, म्हणते. शी. लाज वाटते स्वतःची.

गुरुवार, १३
चार हाका. पहिल्या दोन ओळखीच्या. पुढच्या मी कधी ऐकल्याच नव्हत्या.
आता ऐकतोय.

शुक्रवार, १४
आज हाकांनंतर बोलली. निजलास का रे? बरं, नीज. मी घेते पाणी. मग पाय घासत चालल्याचा आवाज. मग भांडं—

मशीन बंद केलं. ड्रम थांबला. आई थांबली नाही.

उद्या अक्का येतेय, माझं काम बघायला. दारातच सांगून टाकीन. शपथ.

शनिवार, १५
नाही सांगितलं. तिनं तोंडावरून हात फिरवला, वाळलास रे, म्हणाली.

बाईंनी तिच्यासमोर माझ्या कानांचं कौतुक केलं. अक्काला डाव्या कानाचं ठाऊक आहे. माझ्याकडे बघत राहिली, पण मला उघडं पाडलं नाही. धरणी दुभंगली असती तर बरं झालं असतं.

बाई बाहेर गेल्यात. घाणा चढवलाय. अक्का मशीनपाशी स्टुलावर. मी लिहितोय, म्हणजे तिच्याकडे बघायला नको.

आठ मिनिटं. तिला नाहीच ऐकू येणार. बाईंना कुठं येतं?

नऊ. तडतड—

अक्का उठलीय. कान ड्रमजवळ नेतेय, चटका बसेल गं—

रडतेय. आईच आहे म्हणते.

विचारतेय, आई कुणाला नीज म्हणतेय? तू तर घरी नव्हतास ना?

वर बघितलं. म्हटलं, अक्का, त्या दुपारी मी दळण आणायला गेलोच नव्हतो.