साथ: वहिनीची इस्त्री

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा लाँड्री, राहणार दुकानामागच्या दोन खोल्यांत, हे माझं शेवटचं मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवत आहे. सरकारदरबारी असलेलं माझं नाव वकीलबाईंनी पहिल्या पानावर टाइप करून घातलंच आहे. या रस्त्यावर मला सगळे लाँड्रीवाल्या बाई म्हणतात, पुढेही तेवढं पुरे. माझी बुद्धी शाबूत आहे, माझ्यावर कोणाचं दडपण नाही. "मन स्थिर आहे" असंही लिहायचं असतं म्हणे. ते मात्र मला खरं लिहिता येत नाही. गेले दोन महिने माझं मन स्थिर नाही, ते सारखं उड्या मारतं आहे. वकीलबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "आनंदाला कायद्याची हरकत नाही. लिहा तुम्ही."

मी आजारी नाही. डॉक्टरांनी तपासून माझा रक्तदाब त्यांच्यापेक्षा बरा असल्याचं सांगितलं आहे. मृत्युपत्र करायचं कारण इतकंच की वाटून देण्याजोगी वस्तू माझ्याकडे आत्ता कुठे तयार झाली आहे.

कलम पहिले. सहा वर्षांपूर्वी केलेलं माझं मृत्युपत्र मी याद्वारे रद्द करत आहे. त्यात "माझ्या नणंदेस काहीही मिळू नये" हे वाक्य तीनदा आलं आहे. एकदा पुरेसं होतं, पण तेव्हा राग ताजा होता.

कलम दुसरे. तळमजला, दुकान, त्यातली धुलाईची यंत्रं आणि बँकेत जे काही असेल ते माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळावं. वरचा मजला माझा नाहीच. तो माझ्या यजमानांनी हयातीतच त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नावे केला. तीच माझी नणंद. चौसष्टावं सरलं तरी तिला सगळे बेबी म्हणतात, मी बेबीताई म्हणते. म्हणजे म्हणत असे. मधल्या सहा वर्षांत मी त्यांना काहीच म्हटलेलं नाही. जिना सामाईक आहे. जिन्यातला दिवा कोणी बदलायचा यावरून आमच्यात जे झालं ते इथे लिहीत नाही. दिवा तीन वर्षं बंद होता, एवढं पुरे.

कलम तिसरे. वाफेची जुनी इस्त्री आमच्याकडे इस्त्रीचं काम करणाऱ्या मामांना द्यायची होती. पण या कागदावर साक्षीदार म्हणून त्यांची सही हवी आहे, आणि वकीलबाईंनी बजावून सांगितलं, "साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही हं. एक तर सही, नाही तर वस्तू." म्हणून ती इस्त्री मी कालच त्यांच्या हातात देऊन टाकली. मामा म्हणाले, "बाई, ही तर तीस वर्षं माझ्याच हातात आहे." तरी घेतली.

कलम चौथे. आता मुख्य मालमत्ता. ही कशी झाली ते सांगितल्याशिवाय ती कोणाला द्यायची हे कळणार नाही.

माझ्या यजमानांना गाण्यांचं वेड होतं आणि त्यांच्या बहिणीला त्यांच्याहून जास्त. रेडिओवर काही चांगलं लागणार असलं की हे रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवत आणि श्वास रोखून बसत. बेबीताई ड्राफ्टिंगच्या ऑफिसात नकाशे काढत, त्यांचं अक्षर छापल्यासारखं. त्या कॅसेटच्या वेष्टणावर गाण्याचं नाव, गाणाऱ्याचं नाव, वर्ष, सगळं लिहीत. भाऊ उतरवून घेणार, बहीण लिहिणार. आणि मी? दुकानात विजेचा प्लग एकाच ठिकाणी होता, इस्त्रीच्या टेबलाच्या वर. म्हणजे हे दोघं तिथे गाणी टिपत आणि तिथेच मी गिऱ्हाइकांच्या विजारी दाबत असे. माझ्या इस्त्रीची वाफ फुस्सकन सुटली की दोघं एकदम मान वळवून माझ्याकडे बघत. मी म्हणायची, "गिऱ्हाईक दारात उभं आहे, त्याला काय गाणं नेसवू?" त्यांच्या त्या दुनियेत मला जागा नव्हती, हे मला फार लागायचं. एकदा रागाने मी गरम इस्त्री एका वेष्टणावर ठेवली. तपकिरी टोक उमटलं. त्या वेष्टणाचा आकडा दोनशे बारा, तो मला आजही पाठ आहे.

पुढे यजमानांनी सगळ्या कॅसेटी सीडीवर उतरवल्या. जागा वाचावी म्हणून सीड्या चेनच्या जाडजूड पिशव्यांत घातल्या, त्यांवर मार्करने नुसते आकडे. वेष्टणं नव्याने लिहून, तेच आकडे घालून, सीड्यांच्या रिकाम्या डब्यांसह खोक्यांत भरली. दोनशे बाराचं वेष्टण मात्र बेबीताईंनी बदललं नाही, जळकं टोक तसंच ठेवलं. मग हे गेले.

त्यानंतर एका दुपारी बेबीताई खाली येऊन म्हणाल्या, "वहिनी, दादाची गाणी माझ्याकडे असू देत." मला वाटलं, वीस वर्षं मी वाफेत उभी राहिले ती हिशेबातच नाही. मी म्हणाले, "तुमचं काय असेल ते उचला आणि न्या." त्यांनी सगळी खोकी उचलली. वर जाऊन उघडली तर सगळे डबे रिकामे. मी खाली पिशव्या उघडल्या तर नुसते आकडे. त्यांच्याकडे नावं, माझ्याकडे गाणी. त्या विचारायला खाली आल्या नाहीत, मी सांगायला वर गेले नाही. दोघींचंही नाक तेवढंच उंच. पाच वर्षं त्या पिशव्या मी पडद्यांच्या चुण्या दाबायला वजन म्हणून वापरल्या.

कलम पाचवे. गेल्या वर्षी मुलगी सुटीला आली आणि तिने पिशव्या पाहून डोक्याला हात लावला. महिनाभर बसून तिने आणि मी प्रत्येक सीडी संगणकात घातली आणि सगळं एका काळ्या डब्यात साठवलं. डबा ब्रेडच्या पाकिटापेक्षा थोडा मोठा, जिन्याखालच्या कपाटात असतो. आत दोन डिस्क आहेत, एकीवर जे आहे तेच दुसरीवर. घरातल्या इंटरनेटच्या तारेला तो जोडला आहे. फोनवर गाणं निवडायचं, कुठे वाजवायचं ते निवडायचं, "काउंटर" किंवा "मागची खोली", की डबा कपाटात बसून तिकडे गाणं पाठवतो. पहिल्यांदा काउंटरवर वाजलं तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या कोटासह गोल फिरले. कोट घेऊन गिऱ्हाईक पळालं.

मुलीने विचारलं होतं, "आई, पासवर्ड ठेवू का?" मी म्हटलं, "कशाला? घरात परकं कोण आहे?" इंटरनेटची तार दोन्ही मजल्यांना एकच आहे, म्हणजे डबा वरूनही उघडता येतो, हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

जावयांचं म्हणणं, "आई, महिन्याची वर्गणी भरा, जगातली सगळी गाणी मिळतात." जगातली मिळतात हो. आमच्या घरातली मिळत नाहीत. जावयांना या मृत्युपत्राने माझी छत्री देण्यात येत आहे. ती त्यांनी गेल्या पावसाळ्यात नेलीच आहे.

पण सुख पुरतं नव्हतं. फोनवर काय दिसायचं? फोल्डर एक, ट्रॅक एक. फोल्डर एक, ट्रॅक दोन. असे चारशे फोल्डर. हवं ते गाणं सापडायचं नाही. जे लागेल ते ऐकायचं, कोण गातंय ते ठाऊक नाही. आपल्याच घरात पाहुण्यासारखं बसायचं.

कलम सहावे. दोन महिन्यांपूर्वी एका सकाळी फोल्डर एकला नाव आलं. सगळ्या गाण्यांची नावं, गाणारे, वर्ष. मी मुलीला फोन लावला.

"तू घातलीस का गं?"

"मी कुठली घालू? मला तरी कुठे माहीत आहेत?"

"मग डबा आपला आपण शिकला की काय?"

"आई, तो डबा आहे."

दुसऱ्या दिवशी फोल्डर दोन आणि तीन. मग रोज पाच-सहा. मी सकाळी दुकानाचं शटर उघडायच्या आधी फोन उघडू लागले. मामा म्हणाले, "बाई, लॉटरी लागली का?" मी म्हटलं, "रोज लागतेय!" आणि मग दोनशे बारा आला. त्यासोबत वेष्टणाचा फोटोही आला, आणि कोपऱ्यात तपकिरी इस्त्रीचं टोक. मी फोन काउंटरवर ठेवून छताकडे पाहिलं. वर बेबीताई बसल्या होत्या, खोकी उघडून, एकेक वेष्टण पुढ्यात घेऊन, माझ्या डब्यात नावं भरत. मला एका शब्दाने न सांगता.

वर जायचं धाडस झालं नाही. प्रत्येक गाण्याच्या माहितीत "टीप" अशी एक रिकामी जागा असते. मी दोनशे बाराच्या टिपेत लिहिलं, "बेबीताई, हे जळालं ते मुद्दाम होतं." दुसऱ्या दिवशी खाली उत्तर, "माहीत आहे. तेव्हाच कळलं होतं." मी लिहिलं, "एकशे सत्तेचाळीसमध्ये मध्येच बातम्या का आहेत?" उत्तर, "दादाला डुलकी लागली होती." असं सुरू झालं. गाण्यांच्या टिपांत आम्ही दोघी भांडलो, हसलो, औषधांची चौकशी केली. समोरासमोर मात्र नाही. जिन्यात पाऊल वाजलं की मी आत, मी दिसले की त्या वर.

आणि परवा काय झालं ते लिहिते. एका जुन्या गाण्याच्या माहितीत गायिकेच्या नावाखाली एक ओळ दिसली. "साथ: वहिनीची इस्त्री." मी गाणं लावलं. दुसऱ्या कडव्यात, गायिका श्वास घेते तिथे, फुस्स! मी दुसरं लावलं. तिथेही तेच नाव, तिथेही फुस्स. बेबीताईंनी एकेक गाणं ऐकून जिथे जिथे माझी वाफ आहे तिथे तिथे माझं नाव घातलं आहे. मला जागा नव्हती म्हणे! अहो, मी जवळजवळ प्रत्येक गाण्यात आहे. दुपारभर मी ऐकत होते आणि मामांना सांगत होते, "आता, आता बघा, आता मी येते!"

कलम सातवे. सबब, तो काळा डबा, त्यातल्या दोन्ही डिस्क आणि सर्व गाणी माझ्या मुलीला मिळावीत. डबा कधी बंद करू नये, आतून घरघर ऐकू आली तरी. वर्षातून एकदा सगळ्याची प्रत काढून दुसऱ्या घरी ठेवावी. बेबीताईंना डबा द्यावा असं फार मनात होतं. पण माझ्या हातून त्यांना काही नको असणार, असं वाटून मी त्यांना सहीला बोलावलं आहे. निदान एका कागदावर तरी दोघींची नावं असावीत. एका गाण्याच्या टिपेत लिहिलं, "शनिवारी चारला खाली याल का? साक्षीदार हवा." उत्तर, "येते. पेन माझं आणते." जिन्यातला दिवा मी सकाळीच बदलला.

कलम आठवे. हे वरचं लिहून झाल्यावर, आज, काउंटरवरच लिहीत आहे.

बेबीताई चारला दहा कमी असतानाच आल्या. हातात पेन आणि एक खोकं. म्हणाल्या, "दिवा लावलास की गं."

मी म्हटलं, "बसा ना. वकीलबाई म्हणतात, साक्षीदाराला यातलं काही मिळत नाही. आधीच सांगते."

"ठाऊक आहे. ऑफिसात कितीजणांच्या मृत्युपत्रांवर सह्या केल्यात. म्हणून तर आले."

"म्हणजे?"

"म्हणजे तुला वाटायला नको, वहिनी, की मी परत काही मागायला खाली आले. हे खोकं ठेवून घे. बाकीची आणायला मामांना वर पाठव. वेष्टणं गाण्यांपाशीच हवीत."

आणि त्यांनी साक्षीदारांच्या दुसऱ्या ओळीवर, त्या छापल्यासारख्या अक्षरात, आपलं नाव लिहून सही केली.

मी त्यांच्याच हातातलं पेन घेतलं आणि त्या नावावर आडवी रेघ मारली.

"अगं, खोडलंस काय! चांगलं लिहिलं होतं मी!"

"म्हणूनच. सही करणाऱ्याला काही मिळत नाही."

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला, मग मी, आणि मामांनी उगाचच एका इस्त्री झालेल्या शर्टावर पाणी मारलं.

सबब, कलम सातमधला वारस मी बदलत आहे. डबा, सर्व गाणी आणि गाण्यांतली माझी वाफ बेबीताईंना मिळावी आणि त्यांच्यानंतर माझ्या मुलीला. मुलीला फोनवर विचारलं. ती म्हणाली, "आई, हे आधी का नाही लिहिलंस?" मी जिवंत असेपर्यंत डबा माझाच राहील. मात्र आजपासून त्याला वाजवायला तिसरी जागा जोडली आहे. तिचं नाव "वरचा मजला".

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, पूर्ण शुद्धीवर आणि बेबीताई समोर बसून "इथे स्वल्पविराम दे" असं म्हणत असताना पूर्ण केलं आहे.

स्थळ: लाँड्रीचा काउंटर
दिनांक: एकोणीस मार्च, शनिवार

(सही)
लाँड्रीवाल्या बाई

साक्षीदार पहिले: (सही) इस्त्रीवाले मामा. इस्त्री आधीच मिळाली.

साक्षीदार दुसरे: नाव खोडले आहे. खोडणारी: मी. कारण: कलम आठ.

त्यांच्या जागी: (सही) समोरचे दातांचे डॉक्टर. पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून आले होते.