श्रुतिकाची खरी रीडिंग

साकीनाका, गुरुवार

प्रिय ताई,
नमस्कार. मी बरा आहे, डबाही चांगला मिळतो. आईचा गुडघा कसा आहे?

काल मी शिकवतो त्या कंट्रोल लॅबची प्रॅक्टिकल परीक्षा झाली. कॉम्प्युटरने मोटरचा वेग स्थिर ठेवायचा होता. मोटर जुनी, वेग डगमगतोच. सगळ्या मुलांनी गेल्या वर्षीच्या जर्नलमधली रीडिंग उतरवली. एकट्या श्रुतिकाने मोटर चालवून खरी लिहिली.

बाहेरून आलेले परीक्षक तिचा वरखाली होणारा ग्राफ पाहून म्हणाले, "ग्राफ चुकलाय. नापास."

ती माझ्याकडे वळली. "सर, तुमच्यासमोरच घेतली ना?"

माझी नोकरी कंत्राटी, ताई. मी निकालावर सही केली.

बाबा विचारतील, तर परीक्षा नीट पार पडली म्हणून सांग.

तुझा,
प्रीतम