हाराआधीचा फोटो

२ फेब्रुवारी, रविवार
भीमराजच्या पुण्यानुमोदनाला जाऊन आलो. आयुष्यभराचा मित्र गेला, आणि हाराखाली फोटो कसला – कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीतून कापलेला! गालात गुलाबजाम. खांद्यावर एक परका हात, हाताचा मालक कातरलेला. भाषणं चालली होती आणि मी त्या हाताकडेच बघत होतो.
घरी येऊन ठरवलं. माझा फोटो मीच काढून ठेवणार. चंपा म्हणाली, "एवढी घाई कसली? आधी गिझरवाल्याला फोन करा."

३ फेब्रुवारी
कपाटातून प्रबुद्धचा कॅमेरा काढला. चिरंजीवांनी नवा घेतला आणि हा इथे टाकला. स्वतः ऑगस्टनंतर फिरकलेले नाहीत. मालाड ते मुलुंड – जणू मधे समुद्र! "बाबा, लिंक रोड जाम असतो ना." कॅमेऱ्याचं विचारलं तर म्हणतो, "ऑटोवर टाका आणि दाबा."
ऑटो! आमच्या वेळी स्टुडिओत रंगवलेल्या तळ्यापुढे उभं राहायचं. काळ्या कापडातून आवाज – "श्वास रोखा!" एकच फोटो. जन्मभर पुरायचा.

५ फेब्रुवारी
शटरचं कोडं सुटलं. लघु-गुरूच आहे ते! पडदा झटकन मिटला तर लघु, रेंगाळला तर गुरू. गुरूत हललो की धूसर. सहावीत मास्तर पट्टीने ठेका धरून भुजंगप्रयात म्हणून घ्यायचे, तसाच टेबलावर ठेका धरून बसलो.
"कॅमेऱ्याला कविता ऐकवताय?" – चंपा.

७ फेब्रुवारी
सेल्फ टायमर. बटण दाबून खुर्चीकडे धावायचं. पहिल्या फोटोत पाठ. दुसऱ्यात गुडघा. तिसऱ्यात नुसती खुर्ची.

८ फेब्रुवारी
चेहरा ओळखून फोकस धरणारी सेटिंग सापडली. पण तो चौकोन माझ्याकडे येईचना! मागच्या भिंतीवर आमच्या दिवंगत वडिलांची तसबीर – तिच्यावरच जाऊन बसला. वडील लख्ख, मी धुकं.
चंपा: "तुमचा नंबर अजून लागलेला नाही."

११ फेब्रुवारी
वडिलांना तात्पुरतं खाली उतरवलं.
त्याच भिंतीला खिडकी, म्हणून मी काळाठिक्कर येत होतो. उजेडाची अधिक-उणेची खूण अधिक एकवर नेली – चेहरा उजळला! मग लोभ सुटला. त्वचा मऊ करायची सेटिंगही लावली. सुरकुत्या गेल्या, सोबत निम्मं नाकही गेलं.
"चौकातल्या बॅनरवरचे भाऊ दिसताय. वाढदिवस कधी?" – चंपा.
काढून टाकली.

१४ फेब्रुवारी
मोठा शोध! जमवलेल्या सगळ्या सेटिंग वरच्या चकतीवर एका आकड्यात साठवता येतात. चकती फिरवली की टायमर, उजेड, लागोपाठ फोटो – सगळं हजर. पाठ कवितेसारखं. पहिला शब्द दिला की पुढचं आपोआप.
आणि आला! पांढरा सदरा, ताठ मान, नजर थोडी लांबवर. याला हार शोभेल.
चंपाने चष्मा लावून तो बघितला. मग म्हणाली, "कॉलर वाकडी आहे."

१६ फेब्रुवारी
वाट लागली.
कॅमेऱ्यातून थेट मोबाइलवर फोटो घ्यायचा शॉर्टकट शिकलो. तिथून प्रबुद्धला पाठवला – गेला घरच्या ग्रुपवर. खाली मजकूर काहीच नव्हता. चंपाचा मानखुर्दचा भाचा नितेश, त्याने लगेच "विनम्र अभिवादन" टाकलं. मग रांगच लागली. पुतणी मनाली लिहिते – "फार मोठ्या मनाचा माणूस!" समोर असताना कधी बोलली नाही.
चंपाचा फोन थांबेना. "अगं, कुठले गेले? समोर बसून भाकरी खातायत. दुसरी मागतायत!"

१७ फेब्रुवारी
सगळ्यांनी शोक मागे घेतला. काहींनी नुसता अंगठा दाखवून.
प्रबुद्धचा एक शब्द नाही. मीटिंग असेल.

१८ फेब्रुवारी
प्रबुद्धचा फोन. "बाबा, ग्रुप आत्ता बघितला. खरं सांगा, असा फोटो का काढून ठेवलात? डॉक्टर काही म्हणाले का? आम्ही निघालोय. नेत्रा, पोरं, सगळे."
मी हलकेच खोकलो.
चंपा फोनजवळ आली आणि मोठ्याने म्हणाली, "अहो, दुपारची गोळी घेतलीत का?"
मी कसलीच गोळी घेत नाही.