समुद्राचं तुडुम

माय,

तू असतीस तर म्हणाली असतीस, "कायले लिहून राहिली वं? मले कुठी वाचता येते?" खरं आहे. जिवंत होतीस तेव्हाही येत नव्हतं, आता तर विचारूच नको. तरी लिहिते, कारण ती कोकणातली सुट्टी डोक्यातून जात नाही, आणि ती पाहिलेलं माझ्याशिवाय आता कोणी उरलं नाही.

सुट्टी हा शब्दच सौंदड स्टेशनाच्या मास्तरांचा, आपल्या घरी कुठली सुट्टी! ते कोकणातले. माझ्या बाला म्हणाले, "वहिनींना समुद्राची हवा दाखवा, माझ्या गावी घर रिकामंच आहे." बा कधी नागपूरच्या पुढे गेला नव्हता, पण धान मळून होताच त्यानं गाठोडं बांधलं. तू वर्षभर त्याच्याशी बोलली नव्हतीस. ताट सरकवायचीस, आणि काही सांगायचं झालं तर "तुह्या बाले सांग" म्हणून मला मध्ये घालायचीस. मला राग यायचा. मी काय तुमची डाकवाली होते?

आदल्या वर्षी माझा धाकटा भाऊ कमळं काढायला तलावात उतरला आणि वर आला नाही. ढिवरांनी जाळी टाकली, बुड्या मारल्या, हाती काही लागलं नाही. तलाव आपल्या वाडवडिलांनी बांधलेला, पाणी सोडायचं तुडुम उघडणं-मिटणं आपल्याच घराकडे. तू बाचे पाय धरलेस, म्हणालीस, "तुडुम उघडा, पानी जाऊ द्या, माहं लेकरू दिसंल." पण पाऊस गेला होता आणि धान निसवत होतं. पाणी सोडलं असतं तर पुढे शेताला थेंब राहिला नसता. बा म्हणाला, "गाव उपाशी मरंल." त्यानं उघडलं नाही. चैतात पाणी उतरलं तेव्हा गाळाशिवाय काही दिसलं नाही. तो बरोबर होता की तू, हे मला आजही ठरवता येत नाही.

मुंबईहून आगबोट. एकेका गावाशी ती खोल पाण्यात थांबते, माणसं हिंदकळत पडावात उतरतात, आणि तू पदरानं डोळे झाकून बसली आहेस. बा गावं दाखवतो, माड दाखवतो. सांगतो मला, पण आवाज तुझ्यासाठी चढवलेला. मास्तरांच्या गावात वाळूवर मासळी वाळत घातलेली. बा मासेकऱ्यांबरोबर रापणीचं जाळं ओढायला जायचा आणि ओंजळभर मासे घेऊन यायचा. तू रांधायचीस, आम्हाला वाढायचीस. स्वतः मात्र, पोर पाण्यात गेल्यापासून, मासा तोंडाला लावला नव्हतास.

आपण पोचलो तेव्हा भरती होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडून बघतो तर पाणी लांब गेलेलं, नुसता ओला चिखल-रेतीचा पट्टा. तू उंबऱ्यातच थबकलीस. मला म्हणालीस, "तुह्या बाले विचार, याचं तुडुम कोनं उघडलं?" बानं ऐकलं होतं. तो म्हणाला, "समुद्राले तुडुम नसते." तू माझ्याकडेच बघत म्हणालीस, "मंग इथं कोनाले मांगा नाई लागत." आणि लुगडं खोचून निघालीस. वाकून, पायानं चिखल चाचपत, खड्ड्याखड्ड्यात बघत. आपला पोर इथे कुठला असणार, हे मला कळत होतं. तुलाही कळत असेल गं. मी ओरडणार तोच बा उठला. मला वाटलं, हाताला धरून ओढत आणेल. तो तुझ्या बाजूला गेला आणि तोही खाली बघत चालू लागला.

किती लांब गेलात तुम्ही! मी काठावर रडत उभी. शेवटी मासळी उलथत असलेली एक बाई ओरडली, "गो बाय, मागे फिर, भरती येतली!" तुम्हाला ऐकू गेलं की नाही कोण जाणे. पाणी तुमच्या घोट्यांना लागलं तेव्हा तू थांबलीस, बाच्या तोंडाकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "चला आता. पानी सोडून राहिले." बानंच ते मला मागाहून सांगितलं. वर्षभरानंतर त्याच्याशी बोललीस ते एवढंच. परत आल्यावर बा घरामागे जाऊन लहान पोरासारखा रडला. तुला ते कधी कळलं नाही.

घरी आल्यावर तू पुढचा पावसाळा पाहिला नाहीस. बा नंतर गेला. मला याच गावात दिलेली, म्हणून तलाव रोज दिसतो. तुडुम आता भाऊबंदांकडे आहे. चैतात पाणी उतरलं की मी टोपली घेऊन निघते. सून विचारते, "कुठी जाऊन राहिल्या?" मी म्हणते, "शिंपल्या वेचाले." आणतेही थोड्या, तिला खरं वाटावं म्हणून. आजही जाऊन आले. अजून नाही सापडला, माय.