मामाजींची खिडकी

६ एप्रिल, सोमवार
शाळेतून आल्यावर खिडक्यांची मापं घेतली. घर बांधून वर्ष होत आलं, अजून खिडक्यांवर माझ्या जुन्या साड्या. सात खिडक्या, एकीचं माप दुसरीशी जुळेल तर शपथ. मिस्त्रीनं डोळे मिटून बांधलं का काय! ह्यांनी टेप धरला, आकडे सांगितले, मी लिहिले. सगळं झाल्यावर म्हणतात, "थांब थांब, टेप उलटा पाहून राह्यलो होतो." पुन्हा पहिल्यापासून.

९ एप्रिल
सेलूहून वर्ध्याला, खिडकीच्या ब्लाइंड-पडद्यांच्या दुकानात. अडीच तास. रोलर, झेब्रा, उभ्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या. नमुन्यांची पुस्तकं लग्नाच्या अल्बमएवढी. हे खुर्चीत, मोबाइलमध्ये. "तुले आवडते ते घे." घेतलं की घरी आल्यावर, "हा रंग काऊन घेतला?"
दुकानदार म्हणे स्वयंपाकघरात झेब्रा छान दिसेल. फोडणीचं तेल बसल्यावर एकेक पट्टी कोण पुसेल, तो? तिथे साधा रोलर, ओल्या फडक्यानं पुसता येईल असा. बेडरूमला पूर्ण अंधार करणारा पाहत होते, तर, "मॅडम, त्या खिडकीत कूलर आहे ना, काढून टाका." एप्रिलमध्ये. वर्ध्याच्या उन्हात. कूलर काढा!

१२ एप्रिल
हॉल, स्वयंपाकघर ठरलं. बेडरूम पावसाळ्यावर ढकलली. गाडी अडली मामाजींच्या खोलीत. पंचवीस वर्षं सून आहे मी ह्या माणसाची, एकदा तरी पहिल्या झटक्यात हो म्हटलं असेल तर!
पश्चिमेची खिडकी. दोन वाजल्यापासून ऊन सरळ खाटेवर. मागच्या मे महिन्यात चक्कर येऊन पडले, सलाइन लागली. डॉक्टरनं बजावलं, ब्याऐंशीचं वय आहे, खोली थंड ठेवा.
"माह्या खिडकीले काई नको."
का?
"हवा येत नाई."
वर करता येतो, मामाजी.
"मंग लावतेच कायले?"

१५ एप्रिल
खाट दुसऱ्या भिंतीला लावू म्हटलं. तेही नको. वर ऐकवलं, "जित्ता हाय मी अजून. अंधारात काऊन ठेवून राह्यली मले?" फार लागलं. भांडी आपटली. उगाच.
दिसतं काय त्या खिडकीतून? रस्ता, आणि समोर काकाजींची ओसरी. मामाजींचा सख्खा धाकटा भाऊ. रोहण्याच्या शेतात विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बिनसलं, बारा वर्षं एकमेकांशी शब्द नाही. सेलूतले प्लॉट त्याआधीच समोरासमोर घेऊन ठेवलेले, म्हणून शेजार. ज्याचं तोंड पाहायचं नाही तो दिसेनासा झाला तर चांगलंच की!

१९ एप्रिल, रविवार
फिटिंग. हॉलचा दोन इंच कमी भरला. दुकानदार म्हणतो माप तुमचं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे.
मामाजी दाढी करायला गेले होते, तेवढ्यात त्यांच्या खोलीसाठी न सांगता मागवलेलाही लावून घेतला. चोरीच ती. पण ऊन…
आले, पाहिलं. भिंतीकडे तोंड करून पडले. खोली छान थंड. जेवले मात्र नाहीत.

२० एप्रिल
सकाळी लता दारात. काकाजींची सून. आम्ही दोघी रस्त्यात बोलतो, पण आमच्या घरात ती कधी आली नव्हती.
"वहिनी, तुमचे मामाजी बरे हायेत ना?"
हो. का गं?
"आमचे बाबा कालपासून जीव खाऊन राह्यले. दादाची खिडकी काऊन बंद हाय, पाहून ये म्हणतात. चहाले हात नाई लावला."
आतून मामाजींचा आवाज, "कोण आलं?"
लता.
आतूनच, "तिले चहा दे." मग, "अन् त्याले सांग म्हणा…" विचारलं तर, "काई नाई."
ती गेल्यावर स्वतःच ब्लाइंडची साखळी ओढली, उलटी. आता एक टोक वर, एक खाली, मधे अडकलाय.

२२ एप्रिल
दुकानदाराला फोन. म्हणे जाळीचं कापड येतं: ऊन अडतं, दिवसा आतून बाहेरचं सगळं दिसतं, बाहेरून आतलं नाही. देवच पावला! नमुना मागवला. मामाजींना जाऊन सांगितलं, तुम्हाले सगळं दिसन.
खिडकीपाशी गेले, समोरच्या ओसरीकडे मान उडवली.
"अन् त्याले?"

२४ एप्रिल
नमुना आला. हातभर तुकडा. म्हटलं, एकदा स्वतः पाहू. मामाजींना खिडकीत तो तोंडासमोर धरायला लावलं आणि मी रस्ता ओलांडून काकाजींच्या ओसरीपाशी. खरंच, करडा चौकोन, मागे माणूस आहे की नाही कळत नाही.
काकाजी काठी टेकत शेजारी येऊन उभे राहिले. डोळ्यांवर हात धरून पाहिलं.
"दिसत नाई," म्हणाले. मोठ्यानं. मी तर हातभर अंतरावर होते.
तिकडून कापड खाली आलं. "काय म्हणते तो?"
काकाजी ओसरीवरून हलेनात. मामाजी खिडकीतून हलेनात. दोघांची नजर माझ्यावर. मी रस्त्यात, डोक्यावर दुपारी एकचं ऊन.
म्हटलं, तुम्हीच विचारा.