गांधीलमाशीस मेहुण्यांचे नाव देण्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
निसर्गविज्ञान संग्रहालय

विषय: नव्याने सापडलेल्या परोपजीवी गांधीलमाशीस कीटक विभागप्रमुखांचे नाव देण्यास मंजुरी मिळणेबाबत.
संदर्भ: दुर्मिळ देशी मधमाशीस त्याच साहेबांचे नाव मिळाल्याबद्दल लागलेली अभिनंदनाची नोटीस.

महोदय,

१. अर्जदार कीटक विभागाचा उपप्रमुख आहे. विभागप्रमुख हे अर्जदाराच्या पत्नीचे सख्खे थोरले भाऊ. त्यामुळे ऑफिसात आणि घरी, दोन्हीकडे अर्जदाराने तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला.

२. सदर मधमाशी कीटकशास्त्र शिकवणाऱ्या पत्नीलाच स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीत सापडली. माशीला बहिणीचे नाव देण्याचे भावाने भरल्या ताटावर कबूल केले होते. नव्या जातीस स्वतःचे नाव स्वतः देऊ नये, असा आमच्यात संकेत आहे. साहेबांनी तो तंतोतंत पाळला: शोधनिबंध स्वतःच्या जावयाच्या नावाने छापला आणि जावयाने सासऱ्यांचे नाव दिले. पत्नीने जाब विचारला, तेव्हा "अगं, एकदा छापलं की संपलं! आता कुणाचा बाप आला तरी नाव बदलत नाही," असे उत्तर मिळाले. बाप दोघांचा एकच, याचेही भान राहिले नाही.

३. पुढे साहेबांनी मधमाशीच्या घरट्यासकट ती चौकट कापून नेली आणि पाहुण्यांना दाखवण्यासाठी केबिनमध्ये काचेखाली, दिव्याच्या उबेत ठेवली. आत परोपजीवी आहे का ते आधी तपासा, असे अर्जदार सांगत होता. ऐकतो कोण! बाहेर पडल्या त्या तिळाहून बारीक गांधीलमाश्या. माहीत असलेले ते शेवटचे घरटे होते. पत्नी रिकाम्या चौकटीपाशी ढसाढसा रडली. खिडकीला सध्या पुठ्ठा लावला आहे.

४. मधमाशी स्वतः चिखल आणून दार लिंपते, कोणाच्या अध्यात ना मध्यात. गांधीलमाशी दुसरीच्या तयार घरात शिरते, तिच्या पिल्लांवर अंडी घालते; मग तिची पोरे आयते खाऊन टुणटुणीत होतात. कोणते नाव कोणाला शोभते, हे आपण जाणताच.

५. सबब या गांधीलमाशीस साहेबांचे नाव द्यावे, तिच्या खाण्याच्या सवयींसह मोठी पाटी दर्शनी दालनात लावावी, आणि उद्या साहेबांच्या निरोप समारंभात तिचे अनावरण त्यांच्याच हस्ते करावे, ही विनंती.

६. वास्तविक मंजुरीची वाट पाहणे अर्जदाराचे कर्तव्य होते. परंतु पत्नीला धीर निघाला नाही. गांधीलमाशीला साहेबांचे नाव देणारा तिचा निबंध प्रसिद्ध झाला आहे. आणि एकदा छापले की संपले.

आजवर आपला नम्र असलेला,
(सही)
उपप्रमुख, कीटक विभाग

दिनांक: निरोप समारंभाचा आदला दिवस
सोबत: छापील निबंध, दोन प्रती. एक साहेबांना बहिणीकडून.